चौऱ्याण्णव टक्के कोट

हे मी लिहिणारच नव्हतो. दोनदा लिहायला बसलो, दोनदा पुसून टाकलं. यात माझी जी काही शोभा झालीय ती घरातल्यांना माहीत आहे तेवढी बास, असं वाटत होतं. पण एका माणसाला शब्द देऊन बसलोय, म्हणून लिहितो. कॉम्प्युटर मी कुठे शिकलेलो नाही. जे येतं ते उघडून, बिघडवून, परत जोडून आलेलं. लिहिणंही तसंच होणार. सुचेल तसं, थांबत थांबत.

तर. माझी ताई कोट शिवते. नुसती शिवत नाही, बेततेसुद्धा. नऊ वर्षं ती चौकातल्या मोठ्या दुकानात कापणीच्या टेबलाशी उभी राहिली. हात हिचा, कोटावर नाव दुकानाचं. सात महिन्यांपूर्वी तिने ते सोडलं आणि आमच्या घराच्या पुढच्या खोलीत स्वतःचं थाटलं. दोन मशीन, एक लांब टेबल, एक इस्त्री आणि काजमावशी. काजमावशी आमच्या नात्यातल्या नाहीत. त्या दुकानात काजं-बटणं करायच्या. ताई निघाली तशी आपली सुई उचलून त्याही निघाल्या. सुईला टोक आहे म्हणतात, पण ज्यांनी त्यांची जीभ ऐकलेली नाही तेच म्हणतात.

सात महिने किरकोळ कामं आली. बाही आखूड कर, अस्तर बदल, बटण तुटलंय. मग एक दिवस बँडमास्तर आले. एका जुन्या बँडचे मुख्य. दारातून आधी पोट आत आलं, मग आवाज, मग ते.

"चौदा कोट हवेत," ते म्हणाले. "तीन आठवड्यांत. आधी माझा एक शिवा. शनिवारी घालून बघतो. बसला तर उरलेले तेरा तुमचे. नाही बसला तर चौकात दुकान आहेच."

चौकात म्हणजे तेच दुकान. ताईच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही. पण तिने खडू इतका घट्ट धरला की मोडला.

मास्तर कापड दोन कोटांचं देऊन गेले. "एक बिघडलाच तर," म्हणाले. ताईला ते लागलं.

त्यांचं माप घेताना मी तिथेच होतो. ताई माप घेताना नेहमी पुटपुटते. पोटाला टेप गुंडाळली आणि पुटपुटली, "एकशे अठ्ठावीस... एकशे अठरा." वहीत लिहिलं एकशे अठरा. मला वाटलं, मास्तरांना वाईट वाटू नये म्हणून दहा कमी केले. हे लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.

आता तीन आठवड्यांत चौदा कोट हाताने आखून होत नसतात. पण ताईने दुकानात असतानाच एक प्रोग्राम शिकून घेतला होता. त्यात माणसाची मापं भरली की कोटाचे सगळे भाग स्क्रीनवर आखून मिळतात. मग ते खऱ्या आकारात पानापानांवर छापायचे, पानं चिकटपट्टीने जोडायची, तो कागद कापडावर ठेवायचा आणि कापायचं. मापं चौदा, आखायची मेहनत एकदाच. या भरवशावर तिने तीन आठवडे कबूल केले होते.

आणि सोमवारी कॉम्प्युटरने मान टाकली.

म्हणजे चालू व्हायचा, पण चालू होईपर्यंत इस्त्री तापून निवायची. मग तेही बंद झालं. ताईने माझ्याकडे पाहिलं. घरात कॉम्प्युटरमधलं कळणारा मीच. मी छाती पुढे काढली.

"लिनक्स टाकू," मी म्हटलं. "मशीन चालवणारी सगळी यंत्रणाच नवी. जुन्या मशीनवर पळतं. तुझा प्रोग्राम त्यावरही चालतो. फुकट असतं, आणि आतलं सगळं उघडं असतं, कोणीही बघू शकतं."

"फुकट आणि उघडं," काजमावशी दोरा ओवता ओवता म्हणाल्या. "तब्येत बरी ठेवायची असेल तर असलं काही खात नाही कोणी."

"तू टाकलंयस कधी?" ताईने विचारलं.

"मौनीने टाकलंय."

मौनी माझा मित्र. लांब, दुसऱ्या शहरात असतो. सहा वर्षं हेच वापरतो. मेसेजला उत्तर देताना एकेक शब्द स्वतःच्या खिशातून जातोय असा जपून देतो, म्हणून मौनी. काहीही विचारा, त्याचं उत्तर ठरलेलं. "स्क्रीनवर काय लिहिलंय? वाच." मी कधी वाचत नाही. वाचण्यात वेळ जातो, विचारण्यात जात नाही.

मंगळवारी सकाळी बसलो. टाकायला वीस मिनिटं लागली, खोटं नाही सांगत. मशीन विचारत होतं, भाषा कुठली, देश कुठला, कळफलक कुठला. मी प्रत्येक वेळी यादीतलं पहिलं नाव धरून "पुढे" दाबत गेलो. पुढे, पुढे, पुढे. कोणीतरी दारात गप्पा मारायला थांबलंय आणि आपल्याला चप्पल घालून निघायचंय, तसं.

मग दिवसभर मी डेस्कटॉप सजवला.

हे कबूल करायला लाज वाटते, पण ज्यांनी केलंय त्यांना कळेल. खालची पट्टी वर नेली. वरची डावीकडे नेली. आवडली नाही, परत खाली आणली. चिन्हं गोल केली. खिडकी बंद केली की ती धूर होऊन उडून जाईल अशी सोय केली. घड्याळ मोठं केलं, सेकंदकाटा लावला. मागे डोंगराचं चित्र टाकलं, ते दर दहा मिनिटांनी बदलेल असं केलं. संध्याकाळी ताईला हाक मारली.

ताई आली, कमरेवर हात ठेवून उभी राहिली. मी खिडकी उघडली, बंद केली, धूर दाखवला. परत दाखवला.

"छान आहे," ती म्हणाली. "आता छापून दाखव."

"ते उद्या."

"म्हणजे दिवसभर नवरीला नटवलंस आणि तिला चालता येतं की नाही ते उद्या बघणार."

काजमावशींनी तेवढ्यात मान लांब करून स्क्रीन बघितली. "घड्याळ मात्र मोठं घेतलंस हो. शनिवार किती जवळ आलाय ते लांबूनही दिसेल."

बुधवार. प्रिंटर जोडला. आणि मशीनने तो आपणहून ओळखला! मी काहीच केलं नव्हतं. माझा विश्वासच बसेना, म्हणून मी तो काढून परत जोडला. मग चाचणीचं पान छापायला दिलं. काही आलं नाही. परत दिलं. नाही. प्रिंटर यादीत नव्याने घातला. नाही. अजून एकदा घातला. आता यादीत एकाच प्रिंटरची तीन नावं दिसायला लागली, एक साधं, एकापुढे आकडा दोन, एकापुढे तीन.

"तिळं झालं का रे?" काजमावशी.

मौनीला लिहिलं. 'प्रिंटर मेला.'

मौनी: 'कोण म्हणालं?'

'काहीच येत नाही.'

'यादीत त्याच्या नावापुढे काय लिहिलंय?'

मी वाचलं. लिहिलं होतं, थांबवलेला आहे. मघाशी कागद संपला होता, तेव्हा मशीनने त्याला थांबवून ठेवलं होतं आणि मी सांगेन तेव्हा सुरू करायचं म्हणून वाट बघत होतं. गरीब बिचारं. मी एक खूण केली, 'सुरू कर'. आणि प्रिंटर घसा खाकरून सुरू झाला. चाचणीचं पान आलं. मी हात वर केले. दुसरं आलं. तिसरं आलं. सकाळपासून मी जितक्या वेळा दाबलं होतं तितकी पानं, अकरा, एकामागून एक, तीच रंगांची गोल चकती घेऊन टेबलावर येत राहिली. मला ते थांबवताही येईना.

ताईने एक पान उचलून पाहिलं. "कोट गोल दिसतोय," म्हणाली.

असो. दुपारी कोटाचं छापायला घेतलं. अठ्ठावीस पानं. आता एक गंमत व्हायची. प्रत्येक पानाआधी प्रिंटर थांबायचा, त्याच्या चिमुकल्या पडद्यावर दोन ओळी यायच्या आणि एक हिरवी कळ लुकलुकायची. कळ दाबली की पान यायचं. मी ते तंत्र लगेच आत्मसात केलं. लुकलुक, दाब, पान. लुकलुक, दाब, पान.

"हाताने छापतोयस की काय?" काजमावशींनी विचारलं.

"याची पद्धत आहे ती, मावशी. विचारून काम करतं."

"काय विचारतंय?"

"विचारतंय, छापू का. मी म्हणतो, छाप."

ताई इस्त्रीवर होती. तिथूनच म्हणाली, "पहिल्या पानावर कोपऱ्यात एक चौकोन असेल. दहा सेंटीमीटरचा. तो मोज. तो बरोबर तर सगळं बरोबर."

खिळ्यावर टेप लटकत होती. ताईची टेप, पिवळी, मऊ झालेली. मी तिचं टोक चौकोनाच्या एका कोपऱ्यावर धरलं, दुसऱ्या कोपऱ्यावर पाहिलं.

"दहा!" मी ओरडलो. "बरोब्बर दहा! केसाचाही फरक नाही!"

फोटो काढून मौनीला पाठवला. 'बघ.' मौनीचं उत्तर आलं, 'छान.' मौनीकडून छान! मी ते ताईला नेऊन दाखवलं. पानं जोडली तर कडा अशा जुळल्या की रेषा कुठे तुटते ते दिसेना. ताईने माझ्या पाठीवर थाप मारली. मला वाटतं सात महिन्यांत पहिल्यांदा ती नीट हसली. रात्री मी जेवताना आईला सांगत होतो, ताईचं काम आता मशीनच्या जिवावर, म्हणजे थोडं माझ्या.

गुरुवारी ताईने कापलं. शुक्रवारी शिवलं. गडद निळा कोट, खांद्यावर सोनेरी पट्ट्या. काजमावशींनी काजं अशी केली की उलटी बघितली तरी सरळ वाटावी. कोट खुंटीवर टांगला आणि आम्ही तिघं त्याच्यासमोर उभे राहिलो. खुंटीवर तो सुरेख दिसत होता. खुंटीला पोट नसतं.

शनिवारी मास्तर आले. कोट चढवला. बाहीतून मनगट बाहेर आलं. ते जरा बघत राहिले. मग बटण. एका हाताने पोट आत ढकललं, दुसऱ्याने बटण ओढलं, श्वास रोखला. लागलं. चेहरा लाल.

"हात वर करून बघतो," ते रोखलेल्या श्वासातूनच म्हणाले. "आमचं सगळं काम हात वर करून असतं."

हात वर केले. पाठीत कुठेतरी टर्र झालं.

मास्तरांनी हळूच हात खाली घेतले, बटण सोडलं, श्वास सोडला.

"मी फुगलो का हो?" त्यांनी विचारलं. खरंच विचारलं. एवढा मोठा माणूस, पण आवाज एकदम लहान झाला. "घरी कमी खातोय. दोन आठवडे."

"तुम्ही नाही फुगलात, मास्तर," ताई म्हणाली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. तिने कोट टेबलावर पसरला, टेप घेतली आणि मोजायला लागली. पुटपुटत. बाही. "सत्तर... साठ." हवी होती चौसष्ट. पाठीची लांबी शहात्तर हवी, साडेएकाहत्तर भरली. घेर, अंगाच्या मापावर सैलपणा धरून, एकशे सव्वीस हवा, एकशे अठरा आणि थोडं.

ती थांबली.

"माझं चुकलं असतं तर एका जागी चुकलं असतं," ती म्हणाली. "बाहीला चुकले असते, किंवा पोटाला. हे सगळीकडे सारखंच बारीक आहे. खिसासुद्धा. कोट धुवून आटावा तसा."

आणि तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मास्तरांनी पाहिलं. काजमावशींनी चष्मा खाली सरकवून पाहिलं.

"मी मोजला होता," मी म्हटलं. "दहा होता. शपथ."

"टेप कुठून धरली होतीस?" काजमावशींनी विचारलं.

"कुठून म्हणजे? टोकापासून."

मावशींनी डोळे मिटले. ताईने टेपचं टोक माझ्यासमोर धरलं आणि मी आयुष्यात पहिल्यांदा ते नीट पाहिलं. टोकाला असते ती पितळी पट्टी नव्हती. ती कधीची निघून पडलेली, आणि तिच्याबरोबर टेपचाही तुकडा गेलेला. पहिला आकडा, एक, जवळजवळ काठावर येऊन टेकला होता. सहा मिलिमीटर गायब.

त्या खोलीत सगळे दहापासून मोजतात. दहाच्या आकड्यावर धरायचं आणि शेवटी दहा वजा करायचे. म्हणून ती पुटपुट. एकशे अठ्ठावीस, एकशे अठरा. दोघींनाही ते इतकं अंगवळणी पडलं होतं की कोणाला सांगावं लागतं हेच त्या विसरल्या होत्या.

"नवीन टेप घे म्हणून मी किती वेळा सांगितलं," मावशी म्हणाल्या.

"ही माझी पहिली टेप आहे," ताई म्हणाली, आणि विषय संपला.

मी धावत जाऊन पहिलं पान आणलं. ताईने चौकोन मोजला, तिच्या पद्धतीने. नऊ पॉइंट चार. चौकोन सहा मिलिमीटरने लहान छापला होता, आणि टेप सहा मिलिमीटर खोटं बोलली होती. दोन चुका एकमेकींच्या गळ्यात गळा घालून माझ्यासमोर आल्या होत्या, आणि मी 'बरोब्बर' म्हणून ओरडलो होतो.

"माझी चूक आहे, मास्तर," मी म्हटलं. "ताईची नाही. मी छापलं ते."

मास्तर खुर्चीत बसले. मला वाटलं आता चौकाचं नाव काढणार. त्यांनी कोटाकडे पाहिलं, काजांवरून बोट फिरवलं.

"म्हणजे मी जाड झालेलो नाही."

"नाही."

"हे माझ्या बायकोला सांगायला याल का?" मग उठले. "सोमवारी सकाळी दहा वाजता येतो. चौकातल्या दुकानालाही तेव्हाचाच नमुना सांगितलाय, खोटं कशाला बोलू. जो बसेल तो. कापड तुमच्याकडे एका कोटाचं उरलंय. त्यापुढे नाही."

ते गेले. ताईने उरलेलं कापड पसरलं आणि खडू घेतला.

"काय करतेस?"

"हाताने आखते."

"एक आखशील. बसेलसुद्धा. मग तेरा कसे आखशील दोन आठवड्यांत?"

तिने खडू कापडावर टेकवला, पण रेघ ओढली नाही.

"एक पान," मी म्हटलं. "मला फक्त एक पान नीट छापून दाखवू दे. नाही जमलं तर मशीन मीच उचलून बाहेर ठेवतो. धुरासकट."

"उद्या दुपारपर्यंत," ताई म्हणाली.

रविवारी सकाळी मौनीला फोन लावला. मेसेज नाही, फोन. सगळं सांगितलं. टेपसकट.

"प्रिंटरच्या पडद्यावर काय यायचं?" त्याने विचारलं.

"छापू का म्हणून."

"वाच."

मी तेच पान पुन्हा छापायला दिलं. हिरवी कळ लुकलुकली. या वेळी वाचलं. त्या दोन ओळींत लिहिलं होतं: सांगितलेला कागद वेगळा आहे, घातलेला कागद वेगळा आहे. तरी छापू?

अठ्ठावीस वेळा. अठ्ठावीस वेळा त्या बिचाऱ्याने मला विचारलं होतं.

पुढचं मौनीने धीराने काढून घेतलं. टाकताना मी देश म्हणून यादीतलं पहिलं नाव निवडलं होतं. त्या देशात कागदाचा आकार निराळा, आपल्या ए-फोरपेक्षा जरा बुटका. मशीनला वाटलं आमच्याकडे तसलाच कागद आहे. मग ते आखणी त्या बुटक्या कागदात मावेल अशी आक्रसून छापत होतं, शंभराचे चौऱ्याण्णव करून. अगदी मनापासून, मदत म्हणून. मी कागद ए-फोर केला. 'पानात मावेल असं कर' याच्यापुढची खूण काढली. 'शंभर टक्के' लिहिलं. छाप म्हटलं.

कळ लुकलुकली नाही. प्रिंटर थांबला नाही. पान सरळ बाहेर आलं. इतकं सरळ की मी कळ दाबायला बोट पुढे केलं होतं, ते तसंच राहिलं.

ताईला हाक मारली. तिने टेप घेतली, दहाचा आकडा कोपऱ्यावर धरला. मावशींनी मान लांब केली. मी दुसरीकडे बघत होतो.

"वीस," ताई म्हणाली. मग, पुटपुटत नाही, मोठ्याने, "दहा."

तिने परत मोजला, आडवा, उभा. मग स्वयंपाकघरातून माझी शाळेतली लाकडी फूटपट्टी शोधून आणली आणि तिनेही मोजला. मग खडू खाली ठेवला.

"छाप सगळं," म्हणाली. "आणि वाचत वाचत छाप."

सोमवारी दहाला मास्तर आले. कोट चढवला. बटण दोन बोटांनी लावलं, श्वास चालू ठेवून. हात वर केले. आम्ही तिघं पाठीच्या शिवणीकडे कान लावून उभे. काही आवाज नाही. मग त्यांनी डोळे मिटले आणि आमच्या त्या खोलीत, दोन मशीन आणि इस्त्रीसमोर, न दिसणाऱ्या तेरा माणसांना जवळजवळ मिनिटभर वाजवायला लावलं. शेवटी मूठ आवळून सगळ्यांना गप्प केलं.

"चौकात जायला हवं का?" काजमावशींनी विचारलं.

"जाईन ना. नाही म्हणून सांगायला जायला लागेल." मग त्यांची नजर खुंटीवरच्या पहिल्या कोटाकडे गेली. त्यांनी तो उचलून समोर धरला, मान तिरकी करून. "हा फेकू नका. आमचा बासरीवाला माझ्याच अंगाचा आहे, पण सगळीकडून जरा कमी. पाठीची शिवण तेवढी परत घाला, बहुतेक त्याला बसेल."

"म्हणजे आता बाराच राहिले," ताई म्हणाली.

"याने एक आधीच छापून ठेवला," मास्तर म्हणाले आणि माझ्या खांद्यावर असा हात मारला की मी टेबलावर गेलो.

ते गेल्यावर ताई बराच वेळ वहीत तेरा जणांची नावं लिहीत बसली. बासरीवाल्यापुढे तिने काय लिहिलं ते मी डोकावून पाहिलं. 'तयार. ९४.'

मी मौनीला फोन केला. 'बसला' म्हणालो. तो हसला. मग त्याने जन्मात बोलला नसेल इतकं एका दमात बोलून टाकलं.

"ऐक. तो बुधवारचा फोटो. मी उघडलाच नव्हता. कामात होतो, नुसतं 'छान' लिहून टाकलं. काल उघडून बघितला. टेपचं तुटकं टोक स्पष्ट दिसतंय त्यात. मी तुला वाच वाच म्हणतो आणि मी स्वतः बघितलंच नाही."

मौनी आणि चूक, हे दोन शब्द मी कधी शेजारी ठेवून पाहिले नव्हते.

"आणि सांगायचंच तर," तो म्हणाला, "मी पहिल्यांदा हे टाकलं ना, तेव्हा तीन आठवडे आवाज येत नव्हता. काय काय बदललं. दोनदा सगळं पुसून नव्याने टाकलं. शेवटी कळलं स्पीकरच बंद होता. मागे बटण असतं त्याला. हे मी कोणाला सांगितलेलं नाही."

"सहा वर्षं?"

"सहा वर्षं. म्हणून म्हणतो, तू लिही. जसं झालं तसं. प्रिंटरचं तिळं झालं तेही, टेपही. नवीन माणूस येतो तेव्हा त्याला वाटतं बाकी सगळ्यांना पहिल्या दिवसापासून येत होतं. कोणीतरी लिहायला हवं की नव्हतं येत."

"तुझं 'छान' पण लिहू?"

तो परत नेहमीचा मौनी झाला. मग म्हणाला, "लिही. स्पीकरचं गाळ."

मी लिहिणार म्हणालो. स्पीकरचं गाळेन असं मात्र म्हणालो नव्हतो, त्याने आठवून बघावं. आणि आणखी एक कबूल केलं, तेही इथे लिहून ठेवतो, म्हणजे मागे फिरता येणार नाही. मौनी, इथून पुढे जो कोणी नवा माणूस प्रिंटर मेला म्हणून माझ्याकडे येईल, त्याला मी 'वाच' म्हणणार नाही. त्याच्या शेजारी बसून वाचेन. त्याने फोटो पाठवला तर उघडून बघेन. आणि बरोब्बर आलं म्हणून तो ओरडला, तर हसण्याआधी विचारेन, टेप कुठून धरलीस?